राज्यशास्त्राची उमेदवारी

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



बक्षीस वाटपाच्या दिवशी भाषण लांबवू नये, हे शिक्षक या नात्याने मी चांगले जाणतो. म्हणून एकाच विषयावर बोलतो.

मराठीत ‘उमेदवारी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. निवडणुकीला उभे राहणे ही एक उमेदवारी. शिंप्याच्या, सुताराच्या किंवा वकिलाच्या हाताखाली राहून काम शिकणे ही दुसरी. पहिल्या उमेदवारीसाठी आपल्याकडे रांग लागते. दुसरी करून मग पहिलीकडे वळणारे थोडे. आणि राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला तर ही दुसरी उमेदवारी फारशी कोणी सांगितलीच नव्हती.

मी स्वतः राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालो. निकाल लागला त्याच महिन्यात शेजारच्या एक विधवा खाला माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “बेटा, तू सरकारचंच शिकलास ना? माझा निराधार योजनेचा अर्ज तेवढा करून दे.” मी मोठ्या ऐटीत अर्ज लिहिला आणि पंचायत समितीत घेऊन गेलो. तिथून दुसऱ्या कार्यालयात, तिथून पुन्हा माघारी. तिसऱ्या खेपेला एका शिपायाने सांगितले, “साहेब, हे काम तहसीलचे. उत्पन्नाचा दाखला जोडा आणि तिकडे द्या.” राज्यसभेची रचना मला तोंडपाठ होती, पण तहसील आणि पंचायत समिती यांतला कामाचा फरक ठाऊक नव्हता. माझ्या अज्ञानापायी त्या माउलीचे तीन महिने वाया गेले. ही खंत अजून मनात आहे.

पुढे बी.एड.ला गेलो. तिथे वर्गापुढे उभे राहून पाठ घ्यावे लागत. मागच्या बाकावर प्राध्यापक बसून चुका टिपत. डॉक्टर होणाऱ्याला आंतरवासिता असते. समाजकार्याच्या विद्यार्थ्याला क्षेत्रकार्य असते. आपल्या नगरच्या सी.एस.आर.डी. संस्थेचे विद्यार्थी कितीतरी वर्षे त्यासाठी खेडोपाडी जात आले आहेत. मग राज्यकारभार शिकणाऱ्यानेच तेवढा कारभार पाहू नये, हे कसे?

ही कल्पना नवी नाही. नामदार गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा नव्या सभासदाला पाच वर्षांची उमेदवारी घातली होती. अभ्यास करा, देश हिंडून पाहा, मग बोला, असा तो शिरस्ता होता.

आता विद्यापीठांनीही हा मार्ग धरला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२३ मध्ये पदवीचा नवा आराखडा ठरवला. त्यात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचे शिक्षण आले. चार श्रेयांक, म्हणजे साधारण १२० तास. कलाशाखेचा विद्यार्थीही यातून सुटलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ मध्ये याविषयी स्वतंत्र मार्गदर्शक सूचनाही काढल्या.

कागदावर हे उत्तम आहे. परंतु अडचणींकडे डोळेझाक करून चालणार नाही.

पहिली अडचण खोट्या दाखल्याची. ओळखीच्या माणसाकडून शिक्का मारून आणायचा आणि १२० तास भरले म्हणून दाखवायचे. असे करणारा विद्यार्थी कोणाला फसवतो? माझ्यासारखा तोही उद्या कोणा खालाला तीन महिने हेलपाटे घालायला लावील.

दुसरी अडचण पैशाची. १२० तास म्हणजे आठ तासांचे पंधरा दिवस. माझा एक माजी विद्यार्थी गॅरेजमध्ये काम करून शिकतो. पंधरा दिवसांची मजुरी बुडवून तो बिनपगारी काम कसे करील? २०२४ मध्ये शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तेव्हा पदवीधराला दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठेवले. ती योजना वेगळी, पण तत्त्व तेच. शिकाऊ माणसालाही पोट असते.

तिसरी अडचण आपल्या घरातली आहे. मुलगी कचेरीत जाऊन बसणार म्हटले की पालक कचरतात. माझे त्यांना नम्र सांगणे आहे : २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. त्या जागांवर आपल्या मुली कधीतरी बसणारच. कागद वाचण्याची सवय आजच लागली नाही, तर खुर्चीवर ती बसेल आणि सही कुठे करायची हे दुसराच कोणी सांगेल. एकटीला पाठवू नका, दोघी-तिघींना मिळून पाठवा, पण पाठवा.

काम शिकायला दूर जाण्याची गरज नाही. आपल्या जिल्ह्यात चौदा तालुके आहेत. हिवरे बाजारला पाऊस आणि विहिरींचे पाणी मोजून कोणती पिके घ्यायची हे गावकरी ग्रामसभेत ठरवतात. तिथे एक दिवस बसलेल्या विद्यार्थ्याला लोकशाहीची व्याख्या पाठ करावी लागणार नाही. पण आदर्श गावच हवे असे नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला गावोगावी ग्रामसभा बोलावण्याची पद्धत आहे. तिला किती माणसे आली, किती बायका बोलल्या, काय ठराव झाला, हे लिहून काढणे हेसुद्धा शिक्षणच. नमुना ८ कोणाकडे, सात-बारा कोणाकडे, माहितीच्या अधिकाराचा अर्ज कसा करावा, हे ज्याला कळले त्याची पदवी गल्लीच्या उपयोगी पडली.

आणखी एक गोष्ट. मार्च २०२२ मध्ये आपल्या जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि प्रशासक आले. त्याच वर्षी जूनमध्ये पदवीला गेलेला मुलगा २०२५ मध्ये पदवीधर झाला, तरी त्याला निवडून आलेल्या सदस्यांची एकही सर्वसाधारण सभा पाहायला मिळाली नाही. सभा कधी बंद पडतात आणि पडल्या की काय होते, हेही कचेरीत बसल्यावरच कळते. तेव्हा विद्यार्थ्याने तिथे केवळ फायली उचलू नयेत, प्रश्नही विचारावेत.

शेवटी संस्थेला तीन विनंत्या करतो. आपल्या सभासदांत वकील आहेत, ग्रामपंचायतीचे आणि नगरपालिकेचे कारभार जवळून पाहिलेले लोक आहेत. प्रत्येकाने दरवर्षी दोन विद्यार्थी हाताखाली घ्यावेत. गरजू मुलांच्या एस.टी. भाड्याची आणि दुपारच्या डब्याची सोय संस्थेच्या निधीतून व्हावी. आणि प्रत्येकाने रोजचे काम एका वहीत लिहावे. ती वही आम्ही शिक्षक तपासू. त्यासाठी माझा रविवार मी आजच देऊन टाकतो.

त्या खाला आता हयात नाहीत. पण त्यांच्यासारख्या पुष्कळजणी आपल्या मोहल्ल्यात आहेत. त्यांचा अर्ज पहिल्याच खेपेला योग्य टेबलावर पोचला, तर आपल्या मुलांची उमेदवारी पूर्ण झाली असे मी समजेन.