तिसरा रस्ता
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



दहावीत आपल्याला दोनच रस्ते माहीत होते, डॉक्टर नाहीतर इंजिनिअर. मी दुसरा धरला. आज तिसऱ्याबद्दल बोलते.

कोरोनात आमच्या टीमने रुग्णांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर केलं. पडद्यावरचे आलेख पाहून मला वाटायचं, साथ आपल्याला दिसतेय. राहूला आल्यावर वहिनींना कौतुकाने दाखवलं. वहिनी आशा कार्यकर्त्या. त्या म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडे आकडा येतो त्याच्या चार दिवस आधी मला दारातच कळलेलं असतं. पण मला विचारतं कोण?" त्यांच्यासाठी मी एक रकानासुद्धा ठेवला नव्हता. चूक माझी होती.

नंतर जुलै २०२१ मध्ये शेजारच्या पुरंदर तालुक्यात, बेलसरला तापाचे रुग्ण वाढले. सगळीकडे कोरोनाचीच धास्ती होती. तरी कुणीतरी हे वाढलेले ताप वेगळे मोजले. नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत गेले. चिकुनगुनिया निघाला, डेंगी निघाला आणि एका पन्नास वर्षांच्या महिलेत झिका. महाराष्ट्रातला तो पहिला रुग्ण. त्या बऱ्या झाल्या. गरोदर बायांना झिकाचा धोका मोठा, कारण पोटातल्या बाळाच्या मेंदूवर परिणाम होऊ शकतो. म्हणून वेळेत कळणं मोलाचं होतं.

ही नजर शिकवता येते. दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात २०१२ पासून डॉक्टरांना साथीचा माग काढायचं प्रशिक्षण मिळतं. वर्गात थोडं आणि गावोगाव जास्त. पहिला रुग्ण कोण, पाणी कुठलं, आजारी कोण पडलं नाही, हे विचारत फिरायचं. उद्याच्या साथीत पुढे उभी राहणारी माणसं अशीच घडतात. त्यांच्या जोडीला परिचारिका, पशुवैद्य, प्रयोगशाळेतली माणसं आणि माझ्यासारखे आकडेवालेही लागतात.

आपल्या राहूत बाराही महिने पाण्याची पिंपं भरलेली असतात, हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. डास आणि आजार दोघांनाही वाट मोकळी. ही वाट गावच्या पोरांइतकी कुणाला ठाऊक?

म्हणून सरांना, बाईंना विनंती आहे. दहावीच्या वर्गात हा तिसरा रस्ताही सांगा. त्या वाटेने जाणाऱ्या एका मुलीच्या फीचा भार मी उचलीन. आणि वहिनींचा रकाना आता सॉफ्टवेअरमध्ये आहे, सगळ्यात वर.