सत्कार आणि ज्ञातीचे कुंपण
(वार्षिक संमेलनातील भाषण)



वैद्यकीय शिक्षण व आरोग्यसेवा यांना हातभार लावणाऱ्या लोकसेवकांचा यंदाच्या संमेलनात सत्कार करावा, असे मंडळाने ठरविले तेव्हा त्यास कोणी हरकत घेतली नाही. हरकत आली ती नावांच्या यादीवर. यादीतील बहुतेक मंडळी आपल्या ज्ञातीची नाहीत. वर्गणी आपली आणि शालश्रीफळ परक्यांस, हे कोणत्या न्यायाने, असे काही वडीलधाऱ्यांनी विचारले. प्रश्न रागाने विचारला गेला असला तरी तो टाळण्यासारखा नाही, आणि त्याचे उत्तर देण्याची कामगिरी आमच्याकडे आली आहे.

आपल्या घरांतील मुले डॉक्टर झाली ती कोणाच्या पुण्याईवर, हे आधी पाहू. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. त्याच्या पहिल्या तुकडीत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे बुद्धिमान विद्यार्थी होते. परंतु प्राध्यापकांच्या खुर्च्या पुढे कित्येक वर्षे बहुशः इंग्रज अधिकाऱ्यांकडेच राहिल्या. आपल्या माणसाने शिकावे, शिकवू मात्र नये, असाच तो व्यवहार होता. शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी परळच्या महाविद्यालयासाठी महानगरपालिकेला द्रव्य दिले तेव्हा अट घातली, की येथील अध्यापक हिंदी असले पाहिजेत. पैसा देणारे पुष्कळ असतात. अशी अट घालणारे थोडे. १९२६ मध्ये ते महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालय चालू झाले.

त्याचे पहिले अधिष्ठाते डॉ. जीवराज मेहता. जन्म अमरेलीचा, पदवी लंडनची एम. डी. खाजगी व्यवसायात त्यांना काय मिळाले असते याचा हिशेब येथील व्यापारी बांधवांनी मनातल्या मनात करावा. त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे महानगरपालिकेच्या चाकरीत घालविली, स्वातंत्र्यलढ्यात कारावास सोसला आणि १९६० साली ते गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. राज्ये वेगळी झाली, परंतु परळच्या इस्पितळाला त्यांनी घालून दिलेले वळण मराठी रुग्णांच्याच उपयोगी पडत राहिले.

१९२१ मध्ये, असहकाराच्या ऐन भरात निघालेल्या राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयाची कथा अशीच आहे. डॉ. ए. एल. नायर यांनी आपल्या मातोश्रींच्या नावाचे रुग्णालय त्याला जोडून दिले. १९४६ साली महाविद्यालय महानगरपालिकेकडे आले आणि टोपीवाले देसाई यांच्या देणगीने त्याला आजचे नाव मिळाले. कोण नायर, कोण टोपीवाले, कोण मेहता! आपल्या ज्ञातीने त्यांना काय दिले होते? आणि घेतले किती?

आता आपल्या उपनगरांकडे वळू. अंधेरी आणि घाटकोपर १९५० मध्ये बृहन्मुंबईत आले, बोरिवली आणि मुलुंड १९५७ मध्ये. शीवचे लोकमान्य टिळक वैद्यकीय महाविद्यालय १९६४ चे. महानगरपालिकेच्या वैद्यकीय शिक्षणाची हद्द त्यानंतर पन्नास वर्षे तेथेच थांबली. विलेपार्ल्याच्या कूपर रुग्णालयाला महाविद्यालय जोडले गेले ते २०१५ साली. हा विलंब केवळ विद्यार्थ्यांना भोवला, असे मानू नये. महाविद्यालय आले की अध्यापक येतात, निवासी डॉक्टर रात्रंदिवस इस्पितळात राहतात, निरनिराळ्या शाखांचे तज्ज्ञ एका छताखाली मिळतात. ते नसते तेव्हा अत्यवस्थ रुग्णाला गाडीत घालून परळ अथवा शीव गाठावे लागते, आणि ती वाट किती लांब वाटते हे बोरिवली-मुलुंडच्या कुटुंबांस आम्ही सांगायला नको.

या लांबलेल्या काळात उपनगरांचा भार ज्या इस्पितळांनी वाहिला त्यांच्या पाट्या तरी आपण वाचतो काय? राजावाडी रुग्णालयाचे पूर्ण नाव शेठ व्ही. सी. गांधी व एम. ए. वोरा यांचे आहे, हे घाटकोपरकरांपैकी किती जणांस ठाऊक असेल! दात्याचे नाव निदान दगडावर तरी राहते. ज्या परिचारिकेने वीस-वीस वर्षे रात्रपाळी केली, जी आरोग्यसेविका डोंगरउतारावरच्या वस्तीत लस घेऊन चढली, ज्या कारकुनाने औषधांची मागणी वेळेवर पुढे सरकवली, त्यांचे नाव कोठेच कोरले जात नाही. रिकाम्या जागा भराव्यात म्हणून सभागृहात वर्षानुवर्षे चिकाटीने बोलणारा नगरसेवकही त्यांच्याच पंक्तीतला. मात्र केवळ फीत कापावयास येणाऱ्यास आम्ही त्या पंक्तीत बसविणार नाही.

आजच्या यादीतील माणसे निवडताना मंडळाने एवढेच पाहिले, की आपल्या अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील रुग्ण त्यांच्यामुळे बरे झाले की नाहीत. त्या रुग्णांत आपले आईबापही होते. त्यांची ज्ञात विचारून कोणी नाडी धरली नव्हती.

एक सूचना मांडून आम्ही थांबतो. आपला शिक्षणनिधी आजवर फक्त ज्ञातीतील वैद्यकीय विद्यार्थ्यांना दिला गेला. त्यातील काही भाग यापुढे परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या, उपनगरांत राहणाऱ्या कोणत्याही ज्ञातीच्या गरजू मुलींसाठी वेगळा काढावा. वैद्यकीय शिक्षणाचा विचार करताना आपण डॉक्टरच्या पदवीपाशीच अडखळतो. वॉर्ड मात्र परिचारिका चालविते. या सूचनेवर मतभेद होतील, व्हावेतही. सत्काराचा कार्यक्रम आटोपताच ती सभेपुढे मतास ठेवावी, अशी अध्यक्षमहाराजांना विनंती आहे. आणि ज्यांना या निधीत भर घालावयाची असेल त्यांच्यासाठी खजिनदारांनी नोंदवही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे.