बंद बोटीतली जागी वीज
(लोधीखेडा येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पत्रिकेवर माझा विषय वाचून काल एकानं मला बसस्टँडवर गाठलं. म्हणाला, "आपल्या गावात बोट हाय कुठी, भाऊ?" (हशा) प्रश्न रास्त आहे. समुद्र इथून सातआठशे किलोमीटर. पण मी एकतीस वर्षं मुंबईत लाँचच्या वायरिंगची कामं केली, आणि उभ्या यंत्राला आग कशी लागते ते मला बोटीनं शिकवलं. पाणी, इंधन, बॅटरी आणि वरून घट्ट बांधलेली ताडपत्री, हे चारही तिथं एकाच पोटात असतात. तुमच्या शेडमधला ट्रॅक्टर काही वेगळा नाही.

शॉर्टसर्किट म्हणजे काय, फ्यूज का उडतो, हे तुम्ही जाणता. ते सोडून देतो. मला एकच सांगायचंय: यंत्र ठेवून द्यायचं असेल तर बॅटरीची काळी तार पाना लावून काढा. स्विच बंद केला म्हणून वीज झोपत नाही.

गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, काठावर ओढून शाकारून ठेवतात. अशा एका लाँचवर मला ऑगस्टमध्ये बोलावलं. मालक म्हणाले, "मेन स्विच मीच बंद केलाय, चावी माझ्या खिशात आहे." खरंच होती. ताडपत्री उचलली तर जळक्या प्लॅस्टिकचा वास. तळाशी पाणी उपसायचा पंप असतो. बोट पाण्यात उभी असताना तो कुणी नसतानाही चालायला हवा, म्हणून त्याची तार मेन स्विचला वळसा घालून थेट बॅटरीवर घेतात. ताडपत्री फाटून पाऊस आत आला, पाण्याबरोबर फ्लोट उचलला गेला, पंप सुरू झाला, आणि काथ्या अडकून त्याचा पंखा जाम झाला. जाम मोटर कित्येक पट करंट ओढते. तारेचं थिंबल खाऱ्या हवेनं हिरवं पडलेलं, सैल. त्याच्याखालची फळी कोळशासारखी काळी झाली होती. बॅटरी उतरली म्हणून लाँच वाचली.

आता हिशेब बघा. सैल सांध्याचा अडथळा ओहमचा फक्त दहावा भाग धरा, आणि करंट २० अँपिअर. त्या एका सांध्यात ४० वॅट उष्णता. रेडिओ दुरुस्तीवाल्याचं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं, त्यावर कथील वितळतं. तसलं दीड आयर्न तुम्ही लाकडाला टेकवून घरी निघून गेलात! आणि ३० अँपिअरचा फ्यूज शांत, कारण त्याच्या लेखी काहीच जास्त झालेलं नाही. फ्यूज शॉर्टसर्किटवर राखण करतो, सैल सांध्यावर नाही. हे मी दहादा सांगेन.

(मागून: "बारा व्होल्टनं शॉक तरी बसतो का?") शॉक नाही बसत. म्हणूनच माणूस या विजेला भीत नाही. दोन्ही टर्मिनलांवर आडवा पाना पडू द्या, लाल होईल.

परवाच आपण बाबासाहेब आंबेडकरांची जयंती साजरी केली. त्याच १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह असतो. कशामुळं, ते इथल्या प्रत्येक कापूसवाल्यानं ऐकावं. १९४४ साल. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज उभं होतं. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं, आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या ८७०० गाठी. दुपारी दोनच्या सुमारास दोन नंबरच्या खणातून धूर दिसला. बंबवाले आले, नळ्या सोडल्या, पण गाठींच्या थराखाली आग नेमकी कुठं आहे तेच सापडेना. गाठीतली आग कशी असते ते तुम्हाला सौंसरच्या बाजारात कुणीही सांगेल, वरून पाणी ओता, आतून ती खात राहते. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासानं दुसरा. बंबवाले ६६ गेले. मी गोदीजवळून जाताना कधी त्यांना हात जोडल्याशिवाय पुढं गेलो नाही. ती आग विजेची नव्हती. पण बंद खणातली होती, आणि माणसाला दिसली तोवर...

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहाला भोंगा बंद करायचा आहे. बरं, भरभर सांगतो.

बोट जमिनीवर असेल तर तळाचं बूच काढा. पावसाचं पाणी आपोआप जाईल, पंपाची गरजच उरणार नाही. मग बॅटरी घरी न्यायला तुम्ही मोकळे. महिन्यातून एकदा उघड्यावर चार्ज करा. चार्जर लावून वर ताडपत्री टाकू नका, बॅटरीतून हायड्रोजन निघतो, हवेत त्याचं प्रमाण चार टक्के झालं की ठिणगी पुरते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साठते. ताडपत्री बांधा, पण दोन्ही टोकांना वारा खेळू द्या. पूरबचावाच्या बोटी सांभाळणारी मुलं इथं बसली आहेत. ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागचं इंजिन, काढलात की टाकी आणि बॅटरी एका खोलीत ठेवू नका, बाळांनो.

(एक शेतकरी: "उंदरानं तार कुरतडली तं?") कुरतडणारच. संत्र्याच्या पेट्या आणि ट्रॅक्टर एकाच शेडमध्ये असल्यावर दुसरं काय होणार? पण बॅटरी सुटलेली असेल तर ती नुसती तुटलेली तार. आगीचं कारण नाही.

(एक बाई: "आधी लाल काढायची का काळी?") काळी, ताई. इंजिनाचं सगळं लोखंड काळ्या तारेला जोडलेलं असतं. आधी लाल सोडायला गेलात आणि पाना लोखंडाला टेकला, तर तिथंच ठिणगी. जोडताना उलट, लाल आधी, काळी शेवटी. उद्या सकाळी आठ वाजता मी इथंच पाना घेऊन उभा आहे. ज्यांचे ट्रॅक्टर पेरणीपर्यंत उभे राहणार आहेत, त्यांनी मला घेऊन जावं.