माझं पहिलं गाईड आणि त्यात न लिहिलेली तीस मिनिटं

(या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना आलेले बरेचसे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' काढून टाकलेत. काही राहिले असतील तर चालवून घ्या.)

आज पाहुणे कोणी नाहीत, मी एकटाच बोलणार आहे. गेल्या काही महिन्यांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मेसेज करून एकच विचारलंय: "दादा, सर्टिफिकेशनची तयारी करताना नोट्स काढल्यात. त्याचं गाईड करून टाकू का?"

माझं उत्तर, करा. नक्की करा. पण आधी माझी गोष्ट ऐका. कारण मी ते केलंय, आणि माझ्या गाईडवर विसंबून एका मुलीचे परीक्षेचे पैसे गेलेत.

सुरुवातीपासून सांगतो. मी बीटेक झालो, पुण्यात बॅकएंडच्या कामाला लागलो. फेब्रुवारी २०२२ मध्ये एडब्ल्यूएसची सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट ही परीक्षा दिली. तेव्हा तिचा कोड होता एसएए-सी०२. ६५ प्रश्न, १३० मिनिटं, १००० पैकी ७२० ला पास. ६५ पैकी १५ प्रश्नांचे गुण धरतच नाहीत, पण ते कोणते हे आपल्याला कळत नाही. मी पास झालो, लिंक्डइनवर बॅज टाकला, आणि कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच सुरू झालं, "नोट्स दे ना."

माझ्या नोट्स म्हणजे एक वही, चाळीसेक स्क्रीनशॉट आणि एक गुगल डॉक. म्हटलं, नीट लिहून काढू. दोन वीकएंडचं काम. लागले पाच महिने!

का लागले? कारण स्वतःसाठीच्या नोट्स आणि दुसऱ्यासाठीचं गाईड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वहीत मी नुसतं 'मल्टी-एझेड वि. रीड रेप्लिका, गोंधळू नको' एवढंच लिहिलं होतं. मला ते पुरेसं होतं. पण दुसऱ्याला सांगायचं तर दोन्हींचं काम काय ते लिहावं लागतं. आरडीएसमध्ये मल्टी-एझेड कशासाठी, तर एक डेटाबेस पडला तर दुसरा उभा राहावा म्हणून. रीड रेप्लिका कशासाठी, तर वाचणाऱ्यांची गर्दी वाटून घेण्यासाठी. हे लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की मला उत्तर निवडता येत होतं, समजावून सांगता येत नव्हतं. पास व्हायला निवडता आलं तरी भागतं. गाईड लिहायला भागत नाही.

आणि एक कबुली. पहिल्या ड्राफ्टमध्ये मी परीक्षेतले आठवतील ते नऊ प्रश्न जसेच्या तसे टाकले होते. ग्रुपवर सारखं विचारत होते ना, "डंप आहे का, डंप?" परीक्षा सुरू होण्याआधी आपण एका करारावर 'मान्य आहे' असं क्लिक करतो. त्यात लिहिलेलं असतं की प्रश्न बाहेर सांगायचे नाहीत. मोडलात तर सर्टिफिकेट काढून घेऊ शकतात. मी ते न वाचताच क्लिक केलं होतं. नंतर वाचलं, आणि नऊच्या नऊ प्रश्न उडवले. त्यांच्या जागी स्वतः प्रश्न तयार केले. तुम्हाला म्हणून सांगतो, एक बरा प्रश्न आणि त्याचे चार पटण्यासारखे पर्याय बनवायला अख्खी संध्याकाळ जाते.

पहिला झटका चहाच्या टपरीवर बसला. ऑफिसमधल्या एका सीनियरला प्रिंट दिली होती. त्याने चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "हे एस-थ्रीचं तू कुठून आणलंस?" मी लिहिलं होतं की एस-थ्रीमध्ये फाईलवर नवीन फाईल चढवली तर थोडा वेळ जुनीच दिसू शकते. तो म्हणाला, "अरे, हे डिसेंबर २०२० लाच बदललंय. आता लिहिलेलं लगेच दिसतं." मी कुठून आणलं होतं? एका जुन्या कोर्सच्या व्हिडिओतून. परीक्षेत तो प्रश्न आला नाही, म्हणून माझी चूक मला कधी कळलीच नाही. चुकीची माहिती घेऊन मी पास झालो होतो, आणि तीच आता दुसऱ्यांना वाटत होतो.

वाटत होतो म्हणजे खरंच वाटून झालं होतं. तोपर्यंत पीडीएफ ग्रुपवर गेली होती. मी दुरुस्त केलेली नवीन पीडीएफ टाकली, पण जुनी कुठल्या कुठल्या ग्रुपमध्ये पोचली असेल, देव जाणे. व्हॉट्सॲपवर गेलेली पीडीएफ परत बोलावता येत नाही.

दुसरा झटका एडब्ल्यूएसनेच दिला. परीक्षा बदलली! सी०२ ची शेवटची तारीख २९ ऑगस्ट २०२२, आणि ३० ऑगस्टपासून सी०३. नवीन एक्झाम गाईड उघडलं. जुन्या परीक्षेत सिक्युरिटीला २४ टक्के होते, नव्यात ३०. म्हणजे सगळ्यात जास्त. आणि माझ्या गाईडमध्ये सगळ्यात बारीक प्रकरण कोणतं? सिक्युरिटी! साडेतीन पानं. डेटाबेसला बावीस पानं. का? कारण मी रोज डेटाबेसवर काम करतो. परवानग्या, की, एन्क्रिप्शन हे सगळं आमच्याकडे दुसरी टीम बघते.

तेव्हा मी फक्त चरफडलो आणि सिक्युरिटी वाढवली. त्या साडेतीन पानांत मला काहीतरी दिसायला हवं होतं, ते दिसलं नाही. ते दिसायला तिसरा झटका लागला.

डिसेंबर २०२२. रात्री साडेदहाला फोन. आमच्याच कॉलेजची, मला दोन वर्षांनी ज्युनिअर. दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षाला बीटेकला आलेली. हुशार मुलगी. गाईड तिने दोनदा वाचलं होतं, माझे सगळे प्रश्न सोडवले होते, त्यातल्या एकाचं उत्तर चुकलंय हेही तिनेच दाखवलं होतं. निकालाचा मेल आला होता. ६८४.

मी म्हटलं, "कुठला विषय अवघड गेला?"

ती म्हणाली, "विषय नाही दादा. वाचूनच होईना. अकरा प्रश्न बघायचेच राहिले."

१५० डॉलर फी. तेव्हाच्या भावाने बारा हजारांच्या वर, आणि त्यावर कर. पहिल्या नोकरीच्या पगारातले तिचे पैसे. नापास झालं की चौदा दिवस थांबायचं आणि पुन्हा पूर्ण फी भरायची.

मी काहीतरी धीर देणारं बोललो. फोन ठेवला. आणि अंथरुणावर पडल्यावर एकदम आठवलं. परीक्षा बुक करताना अकाउंटमध्ये एक पर्याय असतो. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही आणि जे इंग्रजीतून परीक्षा देतात, त्यांना तीस मिनिटं जादा मिळतात. मागावी लागतात, आणि परीक्षा बुक करायच्या आधी मागावी लागतात. वेगळे पैसे नाहीत. १३० ची १६० मिनिटं होतात. एका प्रश्नाला दोन मिनिटं मिळत होती, तिथे जवळपास अडीच.

मी ते पाहिलं होतं मंडळी. माझ्या बुकिंगच्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर होतं. पण मी इंग्लिश मीडियमचा. माझी परीक्षा वीस मिनिटं आधी संपली होती. मला गरज नव्हती, म्हणून नजर पुढे गेली. आणि मला गरज नव्हती म्हणून १४० पानांच्या गाईडमध्ये त्यावर एक ओळसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिला फोन करून सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बरं. आता पुढचं सांगा." मी फी द्यायला तयार होतो, तिने घेतली नाही. म्हणाली, "पैसे नकोत. शनिवार-रविवार एक तास द्या."

मग आम्ही कॉलवर बसायला लागलो. मी ठरवलं होतं की शिकवायचं नाही, फक्त बघायचं. ती स्क्रीन शेअर करायची, प्रश्न मोठ्याने वाचायची, आणि मी गप्प. गप्प बसणं फार अवघड गेलं मला. पण त्या तासांत जे दिसलं ते पाच महिन्यांत दिसलं नव्हतं.

ती एस-थ्रीवर अडत नव्हती. ती 'विथ द लीस्ट ऑपरेशनल ओव्हरहेड' यावर अडत होती. आता या परीक्षेत हे पाच शब्द म्हणजे अख्खा प्रश्न असतो! चारपैकी दोन पर्याय चालणारे असतात. त्यातला ज्यात आपल्याला कमीत कमी देखभाल करावी लागेल तो निवडायचा. म्हणजे स्वतः सर्व्हर उभा करून डेटाबेस चालवण्यापेक्षा एडब्ल्यूएस सांभाळते ती सेवा घ्यायची. तेच 'मोस्ट कॉस्ट-इफेक्टिव्ह' म्हटलं की उत्तर बदलू शकतं. मी हे शब्द वाचताना थांबतच नव्हतो, म्हणून यावर काही लिहायचं असतं हे सुचलंच नाही.

'डीकपल' या शब्दावर ती प्रत्येक वेळी थबकायची. मी व्याख्या सांगायला गेलो, तर तिनेच मला थांबवलं. "म्हणजे सेल्फ सर्व्हिस हॉटेलातलं कूपन ना? काउंटरवाला कूपन फाडत राहतो, डोसेवाला त्याच्या वेगाने डोसे काढतो. डोसा उशिरा झाला म्हणून काउंटर बंद पडत नाही." एसक्यूएस रांगेचं याहून चांगलं स्पष्टीकरण मी अजून वाचलेलं नाही.

त्यातून गाईडचं एक नवीन प्रकरण झालं, 'प्रश्न कसा वाचायचा'. चौदा पानं. शेवटची ओळ आधी वाचा, नेमकं काय विचारलंय ते बघा, मग वरची गोष्ट वाचा. प्रश्नांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांची मराठीत यादी. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. आणि पहिल्याच पानावर, चौकटीत, ती तीस मिनिटं. त्या चौदातली नऊ पानं तिची आहेत. तिचं नाव गाईडवर माझ्या नावाशेजारी आहे, आणि ते उपकार म्हणून नाही.

मार्चमध्ये ती जादा वेळ घेऊन पुन्हा बसली. ७६१. रात्री मेल आला तसा तिने स्क्रीनशॉट पाठवला, खाली एकच ओळ: "अकरा मिनिटं उरली होती."

तर गाईड लिहायला घेणाऱ्यांनो, मला कळलेलं सांगतो. आपलं गाईड आपल्यासारखंच निघतं. जिथे आपण अडखळलो तिथे ते चांगलं होतं, आपण रोज जे काम करतो तिथे ते जाड होतं, आणि जिथे आपल्याला काहीच त्रास झाला नाही तिथे भोक राहतं. ते भोक आपल्याला दिसत नाही. कितीही वेळा तपासा, दिसत नाही. ते फक्त तिथे पडणाऱ्याला दिसतं.

म्हणून तुमच्यापेक्षा वेगळ्या वाटेने आलेल्या एका माणसाला शोधा. मीडियम वेगळं, कॉलेज वेगळं, काम वेगळं. त्याला गाईड द्या आणि शेजारी गप्प बसा. हे ग्रुपवर टाकायच्या आधी करा, माझ्यासारखं नंतर नको.

बाकी छोट्या गोष्टी पटकन सांगतो. सुरुवात अधिकृत एक्झाम गाईडपासून करा, ते फुकट मिळतं, आणि काय येणार नाही हेही त्यात लिहिलेलं असतं. प्रत्येक पानाखाली 'शेवटचं तपासलं' म्हणून तारीख टाका. पीडीएफऐवजी लिंक द्या, म्हणजे चूक दुरुस्त करता येते. जे लिहाल ते आधी स्वतःच्या अकाउंटवर करून बघा, आणि झाल्यावर काय काय बंद करायचं तेही लिहा, कारण नॅट गेटवे चालू राहिला तर वापर असो नसो, तासाचे पैसे लागतच राहतात.

आणि तुमच्यापैकी जे परीक्षा देणार आहेत, त्यांनी हा भाग संपल्यावर एक काम करा. बुक करायच्या आधी अकाउंटमध्ये जाऊन तो जादा वेळेचा पर्याय आणि त्याचे आत्ताचे नियम स्वतः बघा. मी सांगितलं म्हणून मान्य करू नका. गाईड लिहिणारा कसा असतो, ते आत्ताच ऐकलंत.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.