कोपीवरचा बंब

आम्ही बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड टोळीतल्या बाया बोलतोय. आमच्या गटात दहा जणी आहोत. दिवाळी झाली की कोपीचं सामान, पोरंबाळं, शेरडं ट्रॉलीत घालून आम्ही कारखान्यावर जातो, ते पाडव्याच्या आसपास परततो. पाच महिने उघड्या माळावर संसार. आज आम्ही त्या संसारातली एकच गोष्ट सांगणार आहोत. आंघोळीच्या ऊन पाण्याची.

तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय? पण ज्या बायांनी फड तोडलाय त्यांना विचारा. पहाटे चारला उठायचं, भाकरी थापायच्या, दिवस उगवायला फडात. दिवसभर वाकून मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं. उसाच्या पाल्यानं हातपाय, मान सगळं चिरलेलं असतं, बारीक कूस अंगात शिरलेली असते. आणि आंघोळ कधी? अंधार पडल्यावर, चार कोपऱ्यांना लुगडी बांधून, डिसेंबरच्या थंडीत गार पाण्यानं. ते पाणी अंगावर घेववत नाही. मग आठ-आठ दिवस नुसते हातपाय धुवायचे. पाळीच्या दिवसांतही तेच.

तीन दगडांची चूल होती, नाही असं नाही. पण त्यावर स्वयंपाक आधी. नंतर पातेलंभर पाणी तापायचं, ते पोरांना आणि मग मालकांना. आमची पाळी येईपर्यंत सरपणही संपायचं आणि ताकदही.

एका रात्री गाडी भरून आल्यावर आमच्यातल्या थोरल्या काकी म्हणाल्या, "माझ्या माहेरी तांब्याचा बंब होता गं. एक तांब्या गार ओतला की एक तांब्या ऊन बाहेर यायचं." तेव्हापासून ते डोक्यात बसलं. तांब्याचा बंब आपल्याला परवडणार नाही, आणि कोपीवर तो राहणारही नाही. पण लोखंडी ड्रमचा करता येईल.

पहिल्या वर्षी आम्ही चुकलो, ते आधी सांगतो. आम्ही ड्रमच्या तळाला नळ बसवून घेतला. वाटलं, नळ सोडला की पाणी. संध्याकाळी एकापाठोपाठ एक बादल्या भरल्या, आणि आत पाणी संपलंय हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. खाली जाळ तसाच. मोकळा ड्रम लाल झाला, सांधा फुटला. एकीनं घाईघाईनं वरून गार पाणी ओतलं, तर वाफेचा लोट उठला. तिचा हात कोपरापर्यंत भाजला. पंधरा दिवस तिला कोयता धरता आला नाही. त्या पंधरा दिवसांचा खाडा तिच्याच नावावर लागला. मालक मंडळी म्हणाली, "झाले का चोचले पुरे?"

आम्हाला वाईट वाटलं. पण चूक ऊन पाण्याची नव्हती, नळाच्या जागेची होती. काकींच्या माहेरच्या बंबाला खाली नळ नव्हताच. पुढच्या पावसाळ्यात गावी असताना आम्ही दहा जणींनी तीनशे-तीनशे रुपये काढले आणि दुसरा बंब केला. तो असा.

दोनशे लिटरचा लोखंडी ड्रम भंगारवाल्याकडून घेतला. तेलाचा होता. मैत्रिणींनो, हे नीट ऐका. ज्या ड्रममध्ये तेल, डिझेल किंवा रसायन होतं, त्याला तसाच वेल्डिंगचा जाळ लावायचा नाही. आतली वाफ पेटून ड्रम फुटतो, माणूस मरतो. आमच्या वेल्डिंगवाल्यानं आधी तो सोड्याच्या ऊन पाण्यानं धुतला आणि पाण्यानं भरून मगच कापला. फवारणीच्या औषधाचा ड्रम तर घ्यायचाच नाही, कितीही स्वस्त मिळू दे.

ड्रमच्या मधोमध वरपासून खालपर्यंत आठ इंची लोखंडी पाइप बसवला, दोन्ही तोंडांना पक्का जोडून. या पाइपातच जाळ. त्याच्या तळाशी सळ्यांची जाळी, म्हणजे राख खाली पडते आणि खालून वारा लागतो. पाणी पाइपाच्या भोवती राहतं. जाळ चहूबाजूंनी पाण्यानं वेढलेला, म्हणून त्याची ऊब वाया जात नाही.

आता पाणी आत-बाहेर कसं करायचं? ड्रमच्या वरच्या अंगाला एक नरसाळं, आणि नरसाळ्याची नळी आत थेट तळापर्यंत. दुसऱ्या अंगाला, काठापासून चार बोटं खाली, एक उघडी तोटी. नरसाळ्यातून गार पाणी ओतलं की ते तळाशी जातं. ऊन पाणी हलकं, ते वर असतं, तेच तोटीतून बाहेर पडतं. एक बादली गार घाला, एक बादली ऊन घ्या. गार ओतल्याशिवाय ऊन मिळतच नाही, म्हणून बंब रिकामा होण्याची भीती नाही. आमच्या पहिल्या बंबाची चूक इथे सुधारली.

नरसाळं आणि तोटी, दोन्ही सदा उघडी ठेवायची. तोटीला बूच नाही, नळ नाही, चिंधीचा बोळाही नाही. कोंडलेली वाफ बाँबसारखी फुटते. पाणी तापताना तोटीतून थोडंथोडं गळतं, ते गळू द्यावं. तापलं की पाणी फुगतं, एवढंच त्याचं कारण. खाली बादली ठेवावी.

या बंबात एकशे सत्तर लिटरच्या आसपास पाणी मावतं. कडकडीत व्हायला आम्हाला सहा किलोच्या आसपास वाळलेलं सरपण लागतं. तुराट्या, पऱ्हाट्या, बाभळीच्या काटक्या, मक्याची बुरकुंडं, जे मिळेल ते. नुसतं पाचट घालू नये, भुर्रकन जळतं आणि ठिणग्या उडवतं. कोपी पाचटाची, वरून ताडपत्री. म्हणून बंब कोप्यांपासून वीस पावलं लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवतो. भरल्यावर त्याचं वजन दोनशे किलोच्या घरात जातं, तेव्हा जागा चोपून सपाट करावी आणि तीन भक्कम दगडांवर बसवावा. उरलेले निखारे ऊब म्हणून कोपीत नेऊ नयेत. बंद कोपीत निखाऱ्यांचा विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

आता डोणीचं सांगतो. खाण्याच्या मालाचा एक निळा प्लास्टिकचा ड्रम उभा चिरला, त्याच्या दोन डोणी झाल्या. कडा घासून गुळगुळीत केल्या. आडोशात थोडा खड्डा घेऊन डोण बसवली, म्हणजे ती कलंडत नाही. पाय पसरून कंबरेपर्यंत पाण्यात बसता येतं. आधी दोन बादल्या गार पाणी, मग बेताबेतानं ऊन. उलट करू नये. पोरं धडपडतात, नुसत्या ऊन पाण्यात पडली तर कातडी सोलून निघते. कोपर बुडवून बघावं, सोसवलं तरच बसावं. पंधरा मिनिटं पुरे.

पहिल्यांदा काकी बसल्या. बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "कंबर माझीच आहे, हे आज कळलं."

रोज सगळ्यांना डोण मिळत नाही, तेवढं पाणीच नसतं. आंघोळीला सगळ्यांना ऊन पाणी, आणि डोणीत रोज दोघी. आदल्या रात्री जिनं गाडी भरली तिचा नंबर आधी. प्रत्येकीला नवं पाणी, मधे डोण घासायची. पोटुशी बाईनं डोणीत बसू नये, कोमट पाणी अंगावर घ्यावं. ओली बाळंतीण, उघडी जखम, ताप, यांनाही डोण नाही.

आणि एक सांगायचंच आहे. ऊन पाण्यानं अंग हलकं होतं, दुखणं बरं होत नाही. अंगावरून पांढरं जाणं, जास्त जाणं, ओटीपोट दुखणं, यासाठी आरोग्य केंद्रातच जायचं. आणि कुणी लगेच "पिशवी काढून टाका" म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही. २०१९ साली सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्या आमच्याच मावश्या, जावा, नणंदा. खाडा नको म्हणून दुखणं अंगावर काढायचं, धुवायला पाणी नाही, आडोसा नाही, हे आम्ही सगळ्यांनी भोगलंय. बंबानं हे सगळं सुटत नाही. पण रोज अंग धुतलं, आडोशात निवांत बसलं, की एकमेकींना दुखणं सांगता येतं. आमच्यातल्या दोघी अशाच बोलत्या झाल्या आणि दवाखान्यात गेल्या. औषधावर बऱ्या झाल्या.

खर्च म्हणाल तर ड्रम नऊशे, पाइप सातशे, वेल्डिंग आठशे, निळा ड्रम सहाशे. झाले तीन हजार. मालक मंडळीही आता त्याच बंबाचं पाणी घेतात. मात्र पाळी आता बायांची आधी, पुरुषांची नंतर, असं ठरलंय. सरपण आणायचं काम दोघांचं.

यंदा उचल ठरवायला मुकादम आले, तेव्हा आम्हीही ओट्यावर जाऊन बसलो. म्हणालो, दादा, ट्रॉलीत बंबाला जागा पाहिजे आणि अड्ड्यावर पाण्याचा टँकर रोज पाहिजे, हे आत्ताच बोलून घ्या. ते हसले. पण बंब ट्रॉलीत चढला. टँकरचं अजून एक दिवसाआडच आहे, त्याचा पाठपुरावा चालू आहे.

तुमच्या टोळीत करायचा असेल तर पावसाळ्यातच करा, गावातला वेल्डिंगवाला तेव्हा मोकळा असतो. आणि खाली नळ बसवू नका. रामराम.