पापणी मिटणाऱ्या पालीच्या प्रदेशात



स्वागत समितीच्या वतीने जळगावात आपले मनःपूर्वक स्वागत. पालीवर परिषद भरते आहे म्हटल्यावर इथे अनेकांनी आधी पल्लीपतनाचे फळ विचारले! पंचांगात पालीला मान आहे. आता नोंदवहीतही तो मिळावा, म्हणून आपण जमलो आहोत.

घरच्या पालीला पापणी नसते. ती डोळा जिभेने पुसते. पण दगडधोंड्यांच्या माळावरची युब्लेफॅरिस वंशातली पाल चक्क पापणी मिटते. तिच्या बोटांखाली चिकटणाऱ्या पट्ट्या नसतात, म्हणून ती भिंतीवर चढत नाही. नखांच्या जोरावर जमिनीवरच फिरते. दिवसा कपारीत, रात्री किड्यांच्या मागावर. जाड शेपटीत चरबी साठवते. दगड उचलला तर चारी पायांवर ताठ उभी राहून शेपटी हळूहळू वळवते. तो रुबाब आणि अंगावरचे ठिपके पाहून लोक तिला जहरी समजतात आणि काठी उगारतात. प्रत्यक्षात जगातली एकही पाल विषारी नाही.

या वंशाची स्थापना ग्रे यांनी 1827 मध्ये केली. पश्चिम महाराष्ट्र आणि गुजरातेतल्या फस्कस पालीचे वर्णन बोर्नर यांनी 1974 मध्ये उपजाती म्हणून केले. पुढे ती स्वतंत्र जाती ठरली. 2014 मध्ये झीशान मिर्झा, राजेश सानप आणि सहकाऱ्यांनी मध्य प्रदेशातल्या सातपुड्यातून नवी जाती जाहीर केली आणि तिला सातपुड्याचेच नाव दिले. एक जाती पश्चिमेची, दुसरी सातपुड्याची, आणि मधोमध आपले तापीखोरे! म्हणूनच यावल, अनेर आणि लळिंगच्या डोंगरांतली प्रत्येक खात्रीची नोंद मोलाची आहे. वर्गीकरण मुंबई-पुण्याच्या संग्रहालयात होत असले, तरी त्याचा पुरावा आपल्याच बांधावर आहे.

जेवणात भरीत आणि कळण्याची भाकरी आहे. व्यवस्थेत काही उणे राहिले तर सांभाळून घ्या. यजमान म्हणून एवढीच विनंती: उलटलेला दगड पुन्हा जागच्या जागी ठेवा. परदेशात या पालींच्या भाईबंदांचा पाळण्यासाठी मोठा बाजार आहे, म्हणून नेमका ठिकाणा समाजमाध्यमांवर टाकू नका. आणि गावात कुणी काठी उगारली, तर आधी तो हात धरा.