कान हळवे आणि गाणी पंक, हे जमतं कसं?

हेडफोन लावून ऐकत असाल तर आवाज जरा कमी करा. आजचा विषयच तो आहे.

मला कुकरची शिट्टी सहन होत नाही. स्टीलचं ताट फरशीवर पडलं तर पुढची दहा मिनिटं डोकं काम करत नाही. आणि मी पंक ऐकतो. हे सांगितलं की मित्र म्हणतात, "भाऊ, यातलं एक काहीतरी खोटं आहे." दोन्ही खरं आहे. कसं, ते आज सांगतो.

आधी हळवे कान म्हणजे काय ते बघू. साधे, रोजचे आवाजही काही जणांना दुखण्याइतके मोठे वाटतात, त्याला डॉक्टर हायपरअक्युसिस म्हणतात. काहींना ठरावीक आवाजांचाच त्रास होतो, जेवताना मचमच केली की डोक्यात तिडीक जाते. तो मिसोफोनिया. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांनाही आवाज फार टोचतो. यात गंमत अशी की ऐकण्याची तपासणी केली तर रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. मग घरचे म्हणतात, "बघ, काही नाही तुला. उगं नखरे करायलास."

आता पंक. 1976 साली न्यूयॉर्कच्या रमोन्स बँडचा पहिला अल्बम आला. 14 गाणी, आणि सगळी मिळून अर्धा तासही नाही. फास्ट ड्रम, तीन-चार कॉर्ड आणि फाटलेल्या आवाजाचं गिटार. आपल्याकडे ऐकायचं असेल तर मुंबईचा द रायट पेडलर्स हा बँड ऐका.

हे फाटलेपण येतं कुठून? ॲम्प्लिफायरला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त सिग्नल दिला की ध्वनीच्या लाटेचं टोक कापलं जातं. गोल टेकडीचा माथा सपाट होतो, आपल्या बालाघाटाच्या डोंगरासारखा. याला क्लिपिंग म्हणतात. लाट अशी कापली की मूळ सुराच्या वरचे बरेच नवे सूर त्यात तयार होतात. आपल्या कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब, आणि 3000 हर्ट्झच्या आसपासचा आवाज ती आपोआप वाढवते. फाटलेल्या गिटारचे वरचे सूर नेमके तिथं जाऊन बसतात. म्हणून पहिल्यांदा पंक ऐकणाऱ्याला कानात करवत चालल्यासारखं वाटतं. हळव्या कानाच्या माणसाला तर जास्तच.

मग मला का चालतं? माझ्यापुरती दोन कारणं सांगतो.

पहिलं, पंक दचकवत नाही. पहिल्या दोन सेकंदांत कळतं की पुढची दोन मिनिटं काय होणार आहे. आवाजाची एक भिंत उभी राहते आणि ती गाणं संपेपर्यंत हलत नाही. कुकरची शिट्टी तशी नसते, ती कधी येईल ते सांगत नाही. आपल्या कानात स्टेपीडियस नावाचा एक बारीक स्नायू असतो. मोठा आवाज आला की तो कानातलं छोटं हाड आवळून धरतो आणि आत जाणारा आवाज थोडा कमी करतो. पण त्यालाही जागं व्हायला सेकंदाचा छोटासा अंश लागतो. सुतळी बॉम्ब तेवढ्या वेळात आत जाऊन पोचलेला असतो.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. पॉजचं बटन माझ्या हातात असतं. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचे 1972 च्या पुस्तकातले प्रयोग प्रसिद्ध आहेत. माणसांना कर्कश आवाजात काम करायला बसवलं. काहींना एक बटन दिलं, फारच झालं तर दाबा, आवाज बंद होईल. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. तरी आवाज थांबल्यावर जे काम दिलं, ते बटनवाल्यांनी जास्त चांगलं केलं. आवाज दोघांनाही तेवढाच होता, फरक फक्त बटन असण्याचा.

आता चला आपल्या बीडला. मी केज तालुक्यातला, पोटापाण्यासाठी पुण्यात कोड लिहितो. आमच्याकडं उसाचा ट्रॅक्टर रात्री दोन वाजता गावातून जातो तो गाणी वाजवतच. लग्नसराईत डीजे, मिरवणुकीत डीजे. त्यातलं एकही बटन माझ्या हातात नसतं. आणि दार लावून फायदा नाही. 50 हर्ट्झच्या बेसची एक लाट जवळपास सात मीटर लांब असते. ती भिंतीला वळसा घालून, पत्रा थरथरवत घरात येते. कानात बोळे घातले तर वरचे सूर कमी होतात, छातीतला धक्का तसाच राहतो.

हलगी मला चालते, बरं का. तीही काही हळू नसते. पण वाजवणाऱ्याचा हात दिसतो, तो मध्ये थांबतो, शेकोटीवर हलगी तापवतो, तेवढ्यात कान मोकळे होतात.

यंदा वैशाखात माझ्या चुलत बहिणीचं लग्न झालं. आमच्या घरात एक सात वर्षांचा भाचा आहे. डीजे सुरू झाला की तो कानावर हात ठेवून धान्याच्या कोठीमागं बसतो, आणि पोरं त्याला भित्रा म्हणतात. मी महिनाभर आधी काकांकडं गेलो. म्हणलं, "काका, तीन गोष्टी करा. डीजे आपल्या दारात नको, वेशीपाशी लावा. सुरू करायच्या आधी दहा मिनिटं सांगा. आणि मागची खोली पोराला मोकळी ठेवा." काका म्हणले, "अरे, सगळे नाचायलेत अन् तुझंच काय मधी? दारात वाजला नाही तर लोक काय म्हणतील?" डीजे दारातच लागला. पण बाकीच्या दोन गोष्टी त्यांनी केल्या. भाचा वेळेवर मागच्या खोलीत गेला, अर्ध्या तासानं स्वतःहून बाहेर आला, हेडफोन घालून दाराच्या उंबऱ्यावर बसला. वरात त्यानं पहिल्यांदाच बघितली.

पण माझ्यासारख्या पंकवाल्यांनाही एक सांगतो. आवाज आवडीचा आहे की नावडीचा, हे कानाच्या पेशींना कळत नाही. 85 डेसिबल रोज आठ तास, हा कामाच्या जागेसाठीचा एक मान्य हिशोब आहे. त्यावर दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 88 ला चार तास, 91 ला दोन, आणि 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं. आतल्या केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. म्हणून मी पंकही बेतानंच ऐकतो, आणि दर अर्ध्या तासानं कानाला सुट्टी देतो.

कान हळवे असतील तर उलटी चूकही करू नका. दिवसभर बोळे घालून बसलात तर मेंदू शांततेला सवकतो आणि साधा आवाजही जास्त टोचायला लागतो. गरज असेल तिथंच वापरा. त्रास रोजचा असेल तर डॉक्टरला दाखवा. अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात कान-नाक-घशाचा विभाग आहे, त्यासाठी पुण्या-मुंबईला पळायची गरज नाही.

आणि कायदाही माहीत असू द्या. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, बस. दहाच्या पुढं वाजला तर 112 ला फोन करता येतो. गावात असा फोन करणं किती अवघड असतं ते मला माहितीय, भावकी आडवी येते. म्हणून आधी बोलून बघा.

वॉशिंग्टनचा फुगाझी नावाचा बँड होता. आवाज जबरदस्त. पण गर्दीत कुणी दुसऱ्याला धक्के मारायला लागला की ते गाणं मध्येच थांबवायचे, त्याला समजवायचे, नाही ऐकलं तर तिकिटाचे पैसे परत देऊन बाहेर पाठवायचे. एवढ्या मोठ्यानं वाजवणाऱ्यांना समोरच्याची काळजी घेता येत होती. आपल्या डीजेवाल्या भावांनाही ते जमेल, त्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे एवढंच.

यंदा तुमच्या घरी लग्न असेल, तर सुपारी देतानाच डीजेवाल्याशी दोन गोष्टी बोलून घ्या: वाजायच्या आधी सांगायचं, आणि स्पीकरचं तोंड घराकडं नको. आणि कुणी पोरगं कोठीमागं बसलेलं दिसलं तर त्याला ओढून नाचायला आणू नका. त्याला विचारा, कुठं बसायचंय तुला?

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, कानाचीही.